पांढऱ्या कणसांचे पिवळे शेंडे

१

बारा कणसं सोलली आणि बाराच्या बारा शेंड्याला पिवळी निघाली.

आता कुणी म्हणेल, मक्याचं कणीस पिवळं निघालं यात बोंब मारण्यासारखं काय आहे? पण कासुर्डीच्या माळावर त्या बुधवारी बोंबच उठली, कारण हा मका पांढरा होता. नुसता पांढरा नव्हे. भीमाकाठ दूध संघाच्या वैरण केंद्रात मच्छिंद्र भुजबळसाहेबांनी सहा वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपलेला पांढरा. दरसाल त्याच झाडाचा तुरा त्याच झाडाच्या कणसावर झाडायचा आणि परक्या मक्याच्या तुऱ्यातली भुकटी, म्हणजे पराग, वाऱ्यावर येऊन बसू नये म्हणून कणसावर कागदी पिशवी चढवायची. हा वाण दिसायला काडीपैलवान. पण त्याला बापाच्या जागी धरून दुसऱ्या मक्याशी संकर केला, की पुढचं पीक माणसाच्या डोक्यावर हातभर जायचं आणि दाणा चिकात येईपर्यंत पान न् पान हिरवं राहायचं. ते तोडायचं, कुट्टी करून खड्ड्यात दाबायचं. दोन महिन्यांनी खड्डा उघडला की आंबूस-गोड वासाचा मुरघास. संघाच्या गायी गव्हाण चाटूनपुसून साफ करायच्या. बहात्तरच्या दुष्काळात छावणीतली जनावरं पाचटावर मरताना ज्यांनी पाहिली होती, त्यांना या वासाची किंमत सांगावी लागत नव्हती.

आणि आता त्या बापाच्याच कणसांना शेंड्याची दोन-दोन बोटं पिवळे दाणे!

भुजबळसाहेब गोदामाच्या उंबऱ्यावर मटकन बसले. बाया, राखणदार खंडू, सगळे भोवती जमले. "बाटला," साहेब म्हणाले, "माझा वाण बाटला." मग ते उठले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकच नाव घेतलं.

"ज्ञानदेव साळवे."

२

साखरबाईंना ही बातमी त्याच दुपारी कळली, आणि ती खुद्द ज्ञानदेवाच्या तोंडून.

साखरबाई म्हणजे केडगाव-यवत पट्ट्यातल्या नर्सबाई. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, निम्म्या पंचक्रोशीची नाळ कापली. तीन महिन्यांपूर्वी पेन्शनीत निघाल्या आणि तेव्हापासून पायाला भिंगरी. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या, उगीच स्टेशनावर जाऊन गाड्या बघून यायच्या. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही. भाऊ वारला तेव्हा ज्ञानदेव सात वर्षांचा होता. त्याला पदरात घेतला, आपल्या पगारावर शेतकीचा डिप्लोमा करवला. बौद्धवाड्यातला पहिला शेतकी शिकलेला पोरगा! संघात नोकरीला लागला त्या दिवशी बाईंनी अख्ख्या वाड्याला लाडू वाटले होते.

तोच पोरगा आता दारात सायकल टेकवून उभा होता आणि त्याला आत यायचंही सुचत नव्हतं.

"आत्या, साहेब म्हणतात मी पिशव्या उघड्या टाकल्या. मुद्दाम."

"तू? कशापायी?"

"कुणाकडून तरी पैसे खाल्ले म्हणतात. शनिवारी दौंडला संघाची बैठक हाय. तिथं ठराव करून पोलिसात देणार. घातपात म्हणून."

पंचाहत्तर साल, आणीबाणीचे दिवस. 'घातपात' हा शब्द कागदावर चढला की माणूस आत, आणि बाहेर कधी येईल ते सांगायला कुणी बांधील नव्हतं. बुधवार तर अर्धा सरला होता. हातात उरले दोन दिवस.

"तुलाच का धरलं पर?"

ज्ञानदेव कोरडं हसला. "नागपंचमीला सगळ्यांना सुट्टी व्हती. साहेब म्हनले, साळवे, तुमच्यात नसते ना नागपंचमी, मग तुम्ही या. शेतात मी एकटाच व्हतो."

"वा रे न्याय!" साखरबाई उसळल्या. "सण न्हाई म्हणून कामाला ह्यो, आन् कामाला व्हता म्हणून चोर बी ह्योच!"

त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. ज्ञानदेव म्हणाला, आत्या, आधी जेव तरी. पण आत्या फाट्याच्या वाटेला लागल्या होत्या.

३

भुजबळसाहेब मूळचे तळेगाव ढमढेऱ्याचे. माणूस तसा वाईट नव्हता, पण सहा वर्षांची मेहनत मातीत गेलेला माणूस कुणाचा नसतो. साखरबाईंना हाकलणं मात्र त्यांना जमेना. साहेबांच्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणात याच बाईंनी रात्रभर उभं राहून दोन जीव सोडवले होते.

"नर्सबाई, तुम्ही आत्या म्हणून आलात, मला कळतंय. पण हे बघा." त्यांनी एक कणीस पुढे धरलं. खाली पांढरे शुभ्र दाणे, वर पिवळी टोपी. "कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. बुडाच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी. ज्या केसावर ज्याची भुकटी पडते, त्याचा रंग दाण्याला याच वर्षी येतो. शेंडे पिवळे, म्हणजे परकी भुकटी शेवटच्या दिवशी पडली. आमचं शेवटचं काम नागपंचमीला होतं. त्या दिवशी शेतात कोण होतं?"

"रोजचं काम कसं चालायचं?"

"झाडाला केस फुटले की पहिले दोन दिवस साळवे त्याच झाडाची भुकटी घालायचा. तिसऱ्या दिवशी पातळ पिशवी काढून पक्की जाड पिशवी चढवायची, ती थेट काढणीपर्यंत. ते बायांची मुकादम पुतळाआक्का करते. वहीत सगळं आहे."

"मग पिवळं तेवढं येचून टाका की. ऱ्हायलेलं पांढरं बियाला धरा."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "तेवढं सोपं असतं तर! पिशवी उघडी राहिली म्हणजे वाऱ्याला दार मोकळं. इकडे विहिरीपाशी बैलांसाठी लावलेला पिवळा मका, तिकडे पश्चिमेच्या बांधाला शेजारच्या पोपटरावांचा पांढरा गावठी. पिवळ्यानं बाटलेला दाणा दिसतो. पोपटरावांच्या पांढऱ्यानं बाटलेला दिसेल का? आता यातला एकही दाणा माझा म्हणून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. शनिवारी बैठक झाली की सगळी कणसं म्हशींपुढे."

"साहेब," साखरबाई हळूच म्हणाल्या, "ते बाटलं-बाटलं नका म्हनू. त्यो शबुद आमी लई ऐकलाय."

साहेब वरमले आणि वही शोधायला वळले. तेवढ्यात बाईंची नजर वर गेली. तुळईला गेल्या सालची कणसं टांगली होती. त्यांचे शेंडे बोडके होते, दाण्याचा पत्ता नाही, नुसतं टोक.

"ही अशी का?"

"या वाणाला भुकटीच कमी. तिसऱ्या दिवशी तुरा रिकामा होतो. शेंडा दरवर्षी भाकडच राहतो."

साखरबाईंनी यंदाचं कणीस पुन्हा हातात घेतलं. शेंड्यापर्यंत गच्च. एक जागा रिकामी नाही, आणि पिवळ्यात चुकून एखादा पांढराही दाणा नाही. त्यांनी वही उघडली, ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"साहेब, झाडं चौदा लिवलीत. कणसं बाराच कशी?"

"दोन किडीत गेली असतील," साहेब म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर पडले.

४

गुरुवारी साखरबाईंनी खंडूला गाठला. खंडू फाटकाशी बसून दावं वळत होता.

"खंडू, खरं सांग. नागपंचमीला कोन कोन आलं व्हतं?"

"कोन येतंय? बाया वारुळाला गेल्या. साहेब तळेगावला. म्या ह्या फाटकावर आन् ज्ञानदेव आत." मग त्याने दावं खाली ठेवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "बाई, तुमास्नी वाईट वाटंल, पर लपवून काय करू? त्यो दिसभर न्हवता. दहा-साडेधाला सायकलीवर टांग टाकून गेला, त्यो दोनच्या पुढं आला. कुठं गेल्तास म्हणून इचारलं, तर म्हनला, कुनाला सांगू नगंस."

ज्ञानदेव कुठे गेला होता? आणि आपल्याला का नाही सांगितलं? एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांच्या मनात नको ते येऊन गेलं. त्या तिथे बसू शकेनात. उठून तरातरा चालू लागल्या आणि चालता चालता पोपटरावांच्या वस्तीवर येऊन पोचल्या.

पोपटराव संघाचे उपाध्यक्ष. कडब्याच्या गंजीला टेकून तंबाखू मळत होते. मुरघासावर त्यांचा राग जगजाहीर होता. घरोघरी खड्डे झाले तर त्यांचा कडबा घेणार कोण? बाईंना बघून ते मोठ्याने हसले.

"या नर्सबाई! माझ्यावर संशय घ्याया आला ना? घ्या, घ्या. आंबलेला चारा गाईला घालू नका, हे मी बैठकीत तोंडावर बोलतो. चोरून कशाला करू?"

"चोरून करनारा सांगून करतो व्हय?"

"ते बी खरंच." पोपटरावांनी चिमूट ओठात धरली. "पर जरा इचार करा. माझी मका पांढरी. पिवळी भुकटी मी कुठनं आणू? आन् मला साहेबाचं वाटोळं करायचं असतं तर कणसं मोडून बैलाफुडं टाकली असती की! भरून कशाला देईन?"

बाई बांधाकडे वळताच पोपटरावांचा कुत्रा गुरगुरत अंगावर आला. पोपटरावांनी हाड्‌हाड् केलं तेव्हा कुठे थांबला. "ह्येच्यामुळं माझ्या बांधाला चिटपाखरू फिरकत न्हाई," ते अभिमानाने म्हणाले.

साखरबाई परत निघाल्या. कुत्र्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. 'भरून कशाला देईन?' हे वाक्य डोक्यात माशीसारखं घोंघावत होतं. बरोबर बोलला मेला! दुष्मन असता तर त्याने मोडतोड केली असती. दुष्मन कधी दुसऱ्याचं कणीस भरून देत नाही. मग यंदा हे शेंडे भरले कुणी?

पण त्याआधी दुसरा प्रश्न होता, आणि तो घरी भाकरी खात बसला होता.

५

"नागपंचमीला कुठं गेल्तास?"

ज्ञानदेवाचा घास हातातच राहिला.

"यवतला. पोस्टात." घास ताटात ठेवून तो बोलला. "अर्ज टाकाया. दुसऱ्या नोकरीचा. सोलापूरकडं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू लाडू वाटलेस ना आत्या. कसं सांगू, की तिथं मला सणाला कुणी माणसात धरत न्हाई? दोन झाडांच्या पक्क्या पिशव्या तेवढ्या चढवायच्या व्हत्या. त्या चढवल्या, गाठ बघितली, आन् गेलो."

"दोनच?"

"दोनच उरली व्हती. बाकीची आधीच झाल्ती. रोज आक्का करायची, त्या दिवशी ती न्हवती म्हणून म्या केलं."

साखरबाई ताडकन उठल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि केंद्रातून आणलेली वही त्याच्या शेजारी उघडली. मूल झालं त्या दिवसापासून मागे मोजत जायचं आणि सासवांच्या शंकांचं समाधान करायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. इथेही मोजायचंच होतं, फक्त कणसाचं.

पहिल्या झाडाला केस फुटले ते दिव्याच्या अवसेच्या दोन दिवस आधी. म्हणजे तिसरा दिवस अवसेचा. अवसेला त्याचा शेंडा भरायची वेळ, आणि त्याच दिवशी पक्की पिशवी चढली. नागपंचमी आली पाच दिवसांनी, तेव्हा त्या कणसाचे केस सुकून तांबडे झाले होते. त्यावर नागपंचमीला कुणी पोतंभर भुकटी ओतली असती तरी काही उपयोग नव्हता. दुसरं झाड, तिसरं झाड, सगळ्यांचं तेच. तिसरे दिवस वेगवेगळे, सगळे नागपंचमीच्या आधीचे, आणि तरी प्रत्येकाचा शेंडा सारखाच, दोन बोटं पिवळा.

"अरे, एका दिवसाचं कामच न्हवं हे!" बाई ओरडल्या. "रोज झालंय. ज्या झाडाचा तिसरा दिवस, त्या दिवशी त्याच झाडाला. साहेब येवढे शिकलेले, पर राग आला आन् तारखा मोजायच्या इसरले!"

"मग साहेबास्नी आत्ताच सांगू या?"

"थांब. नुसत्या बोलण्यावर त्ये ऐकायचे न्हाईत." बाई खोलीभर येरझारा घालू लागल्या. "नागपंचमीला तिसरा दिवस आलेली दोन झाडं. तुझ्या हातची. कणसं बारा, झाडं चौदा. ज्ञाना, ती दोन कुठं हायत?"

शुक्रवारी दिवस उगवायच्या सुमाराला त्या पुन्हा फाटकावर हजर. खंडू डोळे चोळत बाहेर आला, तर बाईंनी आधी त्या दोन कणसांचंच विचारलं.

"ती व्हय? काढताना हाताला हलकी लागली. बोडकी असनार. गेल्या साली बोडकी कणसं बघून साहेब दिसभर जेवले न्हवते. म्हनलं, कशाला दाखवा? बाजूला काढली. अन्न फेकवंना, म्हणून वळचणीला खोचली."

"सोललीस का?"

"न्हाई बा. पिशवी-चिठ्ठीसकट हायत. काय झालं पर?"

वळचणीत एकच कणीस होतं. दुसऱ्याच्या जागी उंदराने कुरतडलेला कागद लोंबत होता.

६

शुक्रवारभर साहेब बैठकीच्या कामाला बाहेर होते. शनिवारी सकाळी नऊला पोपटरावांची जीप साहेबांना दौंडला न्यायला केंद्रावर आली. साहेबांच्या खिशात ठरावाचा कागद तयार होता. बाया कामावर आल्या होत्या, ज्ञानदेव भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

"साहेब, घटकाभर," साखरबाई म्हणाल्या. त्यांनी बारा कणसं ओळीने मांडली आणि वही पुढे केली. तिथीवर बोट ठेवत एकेक झाड वाचून दाखवलं. चौथ्या झाडापाशी साहेबांनी वही हिसकावून घेतली. सातव्यापासून ते स्वतःच मोजू लागले.

"म्हणजे... नागपंचमीचा संबंधच नाही?"

"हाय की संबंध. खंडू, आन ते."

खंडूने तेरावं कणीस पुढे केलं. उंदराला सापडायचं चुकलेलं. पिशवी शाबूत, देठाला ज्ञानदेवाच्या अक्षरातली चिठ्ठी, तिसरा दिवस नागपंचमी. बाईंनी पिशवी फाडली, पानं सोलली. खाली पांढरे दाणे, शेंड्याला बोडकं. पिवळा दाणा औषधालाही नाही.

"ज्या दिवशी माझा भाचा एकटा व्हता, त्या दिवसाचं येवढंच चोख ऱ्हायलंय," साखरबाई म्हणाल्या. "बाकीची बारा, जवा सगळी कामावर व्हती तवाची. आता मला सांगा, नागपंचमीला कोन आलं न्हाई म्हणून ह्येचा शेंडा बोडका ऱ्हायला? तिसऱ्या दिवशी पिशवी कोन उघडायचं?"

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

पुतळाआक्का. पन्नाशी उलटलेली, बायांची मुकादम, केंद्रात पहिल्या दिवसापासून. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"आक्का, भिऊ नगंस," साखरबाई म्हणाल्या. "तू वाईटासाठी केलं न्हाईस, मला ठावं हाय. वैऱ्यानं येवढं निगुतीनं भरलं नसतं."

"म्या... म्या निस्ता तुरा झाडायची," आक्का बोलू लागली. "पिशवी बदलताना बघायची, तर शेंड्याचे केस तसंच कोरडं. झाडाचा तुरा रिकामा. हिरीकडच्या पिवळ्या मकंचा एक तुरा सकाळी वट्यात आनायची आन् झाडायची वरनं. कनीस भरलं पायजे की वो! अर्धं कनीस बघून जीव कसा ऱ्हातो?"

"आक्का!" साहेब किंचाळले. "सहा वर्षं मी काय सांगतोय तुम्हांला?"

"तुमीच म्हनला व्हता!" आता आक्काही रडता रडता तापली. "गेल्या साली मेळाव्याला लोकं आली, कनसं बघून हसली. म्हनली, साहेब, ह्येच्यापरीस आमच्या बांधावरची मका बरी. तवा तुमी खाली मान घालून म्हनला, आक्का, फुडल्या साली कनसं भरली पायजेत. म्या भरली. पिवळं निघलं तवा तुमी म्हनला नागपंचमीला झालं. म्या तर नागपंचमीला वारुळाला गेल्ते! दाना आईच्या अंगावर येतो, म्हनलं रंग बी आईचाच असनार. माज्या हातनं झालं आसंल, आसं मनात बी आलं न्हाई. आन् मला कुनी इचारलं बी न्हाई."

साहेब काही बोलणार होते, पण अचानक थबकले. त्यांनी एक कणीस उचललं, दुसरं उचललं. डोळे बारीक करून शेंडे बघू लागले.

"आक्का, नीट आठवून सांगा. सगळ्यांना विहिरीकडचाच तुरा? एकदाही पोपटरावांच्या बांधावरचा नाही?"

"त्या बांधाला? त्यांचा कुत्रा फाडून खाईल की मला!"

पोपटराव खो-खो हसले. साहेब हसले नाहीत. ते बोट लावून दाणे मोजत होते. शेंड्याला सगळे पिवळे, मध्ये एक पांढरा नाही. वाऱ्याने भरलं असतं तर दोन्हीकडची भुकटी मिसळली असती. म्हणजे पिशव्या कधी उघड्या राहिल्याच नव्हत्या. म्हणजे परकं जे काही आत गेलं, ते सगळं पिवळं होऊन डोळ्यांसमोर आलं होतं.

"पांढरे सगळे माझेच आहेत," साहेब म्हणाले. "पिवळे वेचले की वाण जसाच्या तसा! खंडू, सुपं आण. चार आण!"

"आन् ठरावाचं काय?" पोपटरावांनी विचारलं. "दोन दिवस गाजावाजा केलाय. कुणाचं तरी नाव लागणार. पुतळाबाईचं घालू?"

आक्का जमिनीकडे बघत होती. साहेबांनी खिशातला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले.

"माझं घाला. कणसं भरली पाहिजेत, हे मी बोललो होतो. आणि तारखा न मोजता माणसाचं नाव घेतलं, तेही मीच." मग ते ज्ञानदेवासमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "साळवे, माझं चुकलं."

ज्ञानदेवाने मान हलवली. 'असू द्या' म्हणाला नाही.

७

दुपारी आत्या-भाचे फाट्यावर घराकडच्या प्रवासी जीपची वाट बघत दगडावर बसले होते. सोलापूरच्या दिशेने ट्रकमागून ट्रक जात होते. साखरबाईंचे पाय चार दिवसांत पहिल्यांदाच दुखायला लागले होते. पोरगा सुटला, ही गोष्ट आता कुठे आत उतरत होती.

"आत्या," ज्ञानदेव समोर बघतच म्हणाला, "एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"तुला एकदा तरी वाटलं का, की मीच केलं असंल?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं बाळंतिणींना धीर द्यायला किती खोटं बोलल्या होत्या त्या! पण जीभ वळेना.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बेस्तरवारी. खंडू बोलला तवा. एकदाच, ज्ञाना. पर वाटलं."

त्यांना वाटलं, आता हा उठून जाईल. ज्ञानदेव उठला नाही. त्याने चपलेने धूळ उकरली.

"मला तर रोज वाटत व्हतं," तो म्हणाला. "साहेब येवढं ठासून बोलले, सगळी माझ्याकडंच बघाय लागली. म्हनलं, राहिली असंल एखादी गाठ ढिली. चढवली असंल पिशवी उलटी. तू तारखा मोजून दाखवल्यास, तरी शुक्रवारी मला दिसायच लागलं, माझ्याच हातानं उघडी टाकताना. आज बैठकीत मी कबूल करणार व्हतो, आत्या."

जीप आली, थांबली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेला. साखरबाईंनी भाच्याचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि त्यांना उठवत नव्हतं.